रॅमचा रेट दुकानदार ठरवत नाही

काल दुकानात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. ऑगस्टमध्ये मीच लिहून दिलेलं कोटेशन त्याने घडी घालून मोबाईलच्या कव्हरमागे जपलं होतं. डीडीआर५, म्हणजे हल्लीच्या कॉम्प्युटरमधली रॅम, तिची १६ जीबीची एक स्टिक. पैसे जमवून आला, तर रेट दुपटीच्याही वर. "काका, हे तुम्हीच लिहिलंय ना?" अक्षर माझंच होतं. काय बोलावं कळेना.

लोकांना वाटतं आम्ही माल दाबून ठेवलाय. अहो, होलसेलवाला सकाळचा रेट आम्हाला संध्याकाळपर्यंत टिकवून देत नाही!

डीरॅम, म्हणजे रॅमच्या स्टिकवरच्या मेमरी चिप, बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच उरल्यात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. बाकीच्या बऱ्याच मंदीत बुडाल्या. जपानची एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे मायक्रॉननेच ती घेतली. हा धंदा डाळिंबासारखा आहे. भाव चढला की सगळे बाग लावतात, पहिला बहार धरेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात आणि मग सगळ्यांचा माल एकदम मार्केटला येतो. चिपचा कारखाना उभा करायलाही तेवढीच वर्षं लागतात. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप धडाधड खपले, उत्पादन वाढलं, मग गिऱ्हाईकच आटलं. २०२३ मध्ये या कंपन्यांनी प्रचंड तोटा सोसून उत्पादन कमी केलं. आपल्याला स्वस्त रॅम मिळत होती ती त्या तोट्यातली.

आता एआय आलंय. त्याच्या सर्व्हरला एचबीएम लागते, म्हणजे डीरॅमच्या चिप एकावर एक रचलेली मेमरी. तेवढ्याच जीबीला ती डीडीआर५च्या साधारण तिप्पट वेफर (ज्यावर चिप बनतात ती सिलिकॉनची चकती) खाते, हे मायक्रॉननेच सांगितलंय. डेटा सेंटरवाले आगाऊ करार करून माल उचलतात, आपल्या वाट्याला उरलंसुरलं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मला खरंच धस्स झालं. इतकी वर्षं डोळे झाकून विकलेला माल तो.

"थांबा, दोन महिन्यांत उतरेल" हे मला पटत नाही. पोळलेला बागायतदार नवी लागवड जपूनच करतो, आणि केली तरी फळ उद्या येत नाही. अभ्यासासाठी लागणार असेल तर गरजेपुरती आत्ता घ्या. जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्यातली रॅम काढून कुणाला तरी द्या.

त्या मुलाला मी ८ जीबीची वापरलेली, तपासलेली स्टिक खरेदीच्या भावात बसवून दिली. दुसरा स्लॉट मोकळा आहे.