ताठ मानेची किंमत

नगरहून मावशीने एका उपदेशाचा व्हिडिओ पाठवला आणि श्टुटगार्टमधला माझा अख्खा रविवार नासला. पाळकसाहेब गरजत होते: घरात येशू आणि दाखल्यावर 'हिंदू महार', हा कसला विश्वास? ख्रिस्त चोवीस तास जगा, उघड जगा! मग ते नेहमीचं वाक्य. परदेशात बघा, ख्रिस्ती माणूस ताठ मानेने ख्रिस्ती म्हणवून घेतो. त्याखाली आमच्या सगळ्या गोतावळ्याचे 'आमेन'.

मी परदेशातच असल्यामुळे रोज बघतो. इथे आनमेल्डुंगच्या वेळी, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद करताना, धर्माच्या रकान्यात 'एव्हांगेलिश' (प्रोटेस्टंट) लिहिलं की पगारातून किर्शेनश्टॉयर, म्हणजे चर्चचा कर, कापायला सुरुवात. श्टुटगार्टच्या आमच्या राज्यात आणि बव्हेरियात आयकराच्या ८ टक्के, बाकी जर्मनीत ९. नको असेल तर श्टांडेसआम्ट या नोंदणी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याची सही करायची आणि मोकळं व्हायचं. २०२२ या एका वर्षात पाच लाखांहून जास्त कॅथलिक असे मोकळे झाले. त्यातले देवावर रुसून किती गेले आणि कर वाचवायला किती, ते देवच जाणे. माझ्या टीममधला एक जण घराचे हप्ते सुरू झाले आणि गेला. नाताळच्या संध्याकाळी मात्र आईशेजारी बाकावर बसून तोच सगळ्यांत मोठ्याने गातो. दुसरी एक सहकारी इमानाने कर भरते, कारण तिला लग्न चर्चमध्ये हवं होतं. उपासनेला ती मला कधी दिसलेली नाही.

तर ही ती ताठ मान. कागद आणि विश्वास यांच्या मध्ये इथेही पैसाच उभा आहे. पण इथल्या माणसाचा वाचतो तो कर, आणि आपल्याकडच्या पोरीची जाते ती कॉलेजची जागा.

कारण पाळकसाहेबांनी उपदेशात एका गोष्टीचा उच्चारही केला नाही. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. बाप्तिस्म्याने जात जाते असं सरकार मानतं. गावात विहिरीवर आणि लग्नाच्या बैठकीत ती गेली का, हे कुणी विचारत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका ख्रिस्ती बाईचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला, तेव्हा अशा दाव्याला संविधानाशी केलेली लबाडी ठरवलं. तोच शब्द मला या उपदेशात ऐकू आला. न्यायालयाने कायद्याकडे बघून बोलावं, ते त्याचं काम. मेंढपाळानेही मेंढरांना लबाड म्हणावं?

पाळकसाहेबांनी उदाहरण दिलं ते टिळकांचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. किंमत मोठीच होती. पण ती त्यांनी स्वतः होऊन मोजली, दुसऱ्याच्या लेकराला मोजायला लावली नाही. शिवाय हातचा जायला त्यांच्याकडे 'हिंदू महार' असा दाखला नव्हता. (टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर अजून नगरसारखी कुठे ऐकली नाहीत, हेही सांगून टाकतो. इथे ऑर्गन आहे. सुंदरच आहे.)

माझी आजी बायबलबाई होती. दुपारी ऊन उतरलं की पिशवीत शुभवर्तमान आणि मुलांना द्यायला शेंगदाणे घेऊन वस्तीवर जायची, बाळंतिणीला पेज करून घालायची, भांडणं सोडवायची. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला दिलं का, आजाऱ्याला भेटलास का, हेच विचारलंय. तिच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या दाखल्यावर 'हिंदू महार' होतं. तिला ते माहीत होतं, आणि रात्रीच्या प्रार्थनेत ती त्याबद्दल काहीही म्हणत नसे.

त्याच दाखल्यावर मला पुण्यात इंजिनिअरिंगची जागा मिळाली. जागेवरून नोकरी, नोकरीवरून ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, आणि मग इथल्या खिडकीवर मी अगदी ठसक्यात 'एव्हांगेलिश' म्हणालो. पहिल्या पगारपत्रकावर ती कपात पाहून मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. आता वाटतं, एवढ्या सुरक्षित जागी उघड होण्यात कसलं आलंय शौर्य?

आणि उघड होऊन तरी काय झालं? उपासनेनंतर कॉफीला थांबलो की कुणीतरी प्रेमाने विचारतं, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? मी सांगतो, नगरला मिशन १८३१ पासून आहे. ते मान डोलावतात आणि केक पुढे करतात. तिकडे मी कागदावर ख्रिस्ती नव्हतो, पण कुणाच्या घरी प्रेत उठायचं असलं तर पहिला निरोप आमच्याकडे यायचा. इथे गेल्या हिवाळ्यात शेजारच्या बाकावरचे आजोबा वारल्याचं मला गेमाइंडेब्रीफमध्ये, म्हणजे मंडळीच्या वार्तापत्रात, वाचून कळलं.

दलित ख्रिस्ती १० ऑगस्ट काळा दिवस म्हणून पाळतात, मोर्चे काढतात, तिसरा परिच्छेद काढा म्हणून. बाळकृष्णन आयोगही त्याच प्रश्नासाठी २०२२ मध्ये नेमला गेला. चोवीस तासांचा विश्वास हवा असेल तर पाळकसाहेबांनी त्या मोर्चात पुढे चालावं, तो परिच्छेद उपदेशातून मोठ्याने वाचून दाखवावा, आणि मग पोरांचे दाखले तपासावेत. मी काय, इथून बॅनरचे पैसे पाठवीन. माझ्या पासपोर्टवर जात लिहिलेली नाही, आणि धर्मही.