सोळा सव्वा वीस

आमच्या दारव्हा तालुक्यात बहुतेक गोष्टी अंदाजावर निभावतात. पेरणी, वरातीची वेळ, मेकॅनिकचं 'उद्या देतो'. बोल्टाच्या आट्याला मात्र अंदाज चालत नाही. बोल्ट शिरतो किंवा शिरत नाही. थोडासा शिरला म्हणजे अडकला. हे ठाऊक असूनही मी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये कम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारं लहानसं सीएनसी मिलिंग मशीन आणून बसवलं, आणि गावभर झालं की याच्याकडे कम्प्युटर आपोआप आटे पाडतो.

आपोआप कसले! टॅपनं, म्हणजे आटे कापायच्या दांड्यानं, आटे पाडायचे तर त्याचा एक फेरा झाला की तो बरोब्बर एक पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, खाली उतरायला हवा. त्यासाठी स्पिंडल, म्हणजे हत्यार धरून फिरवणारा कणा, या क्षणी किती कोनात फिरलाय हे मशीनला कळावं लागतं. मोठ्या मशीनांत त्याला एन्कोडर असतो. माझ्या स्पिंडलला आपण फिरतोय, एवढीच जाणीव. त्याच्या भरवशावर टॅप सोडला तर तो भोकातच मोडायचा, आणि मोडका टॅप काढायला तोडीचं कडक हत्यार शोधत फिरावं लागतं.

म्हणून मी थ्रेड मिल वापरतो. भोकापेक्षा बारीक कटर स्वतःभोवती गरगरत भोकाच्या कडेकडेनं गोल फिरतो आणि तळापासून वर येतो. घाण्याचा बैलच तो, फक्त दर फेऱ्याला एक पिच वर चढणारा.

या पिचांचं मला फार कौतुक आहे. आठ मिलिमीटरच्या बोल्टाला सव्वा, दहाच्याला दीड, बाराच्याला पावणेदोन, विसाच्याला अडीच! जागतिक मानकं ठरवणाऱ्या समितीत कुणीतरी पावकी-दीडकी घोकलेला मराठी मास्तर बसला असावा, असा माझा दाट संशय आहे.

एकदा ॲल्युमिनियमच्या पट्टीत आठाचे आटे चालू होते. शेजारच्या आळीतले काकाजी खांद्यावर पोतं टाकून आले आणि मशीनकडे बघत उभे राहिले.

"किती खोल हाय?"

"वीस मिलिमीटर, काकाजी."

"अन् एका फेऱ्याले?"

"सव्वा."

"मंग सोळा फेरे मारन थो. सोळा सव्वा वीस." जुन्या चौथीची सवायकी. मी प्रोग्रॅममध्ये पाहिलं, सोळाच होते.

मग पोत्यातून त्यांनी वडिलांच्या काळातल्या ऑइल इंजिनचं बिडाचं ब्रॅकेट काढलं. भोकातले आटे पार झिजलेले. "बोल्ट नुसता घुमते. एवढं करून दे, बापू. कम्प्युटर हाय ना तुयापाशी!"

मी पिचगेज लावला, आणि सवायकी तिथंच संपली. हा आटा विलायती. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थनं 1841 साली सुचवलेला, खाचेचा कोन 55 अंशांचा. आमच्या वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना जायचा. तिकडून परत काय आलं, तर हे. अर्ध्या इंचाच्या बोल्टाला इंचात बारा आटे. इंचात सोपं वाटतं. पण मशीनला मिलिमीटर लागतात, आणि 25.4 भागिले बारा केलं की 2.11666 असे सहाच्या मागे सहा येत राहतात. ते एक वेळ चाललं असतं. कटर मात्र 60 अंशांचा. साठाचा कटर पंचावन्नाच्या आट्यात घातला की बोल्ट कुठंतरी टेकतो, कुठं टेकतच नाही.

"काकाजी, हे जुनं भोक चौदाचं करतो आणि सोळाचे नवे आटे पाडतो. पिच दोन."

"चोवीस खोल हाय. बारा दुणे चोवीस," ते म्हणाले आणि उलट्या डब्यावर बसून फेरे मोजू लागले. बिडाची काळी भुकटी उडून त्यांच्या पांढऱ्या टोपीवर बसत होती. कोपऱ्यावरून आणखी दोघं आले. बिडाला पाणी मारावं की तेल, यावर त्यांच्यात कडाक्याचा वाद पेटला. बीड कोरडंच कापलं तरी चालतं, हे माझं म्हणणं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

सातव्या फेऱ्याला लाइन गेली.

माझ्या कम्प्युटरला यूपीएस आहे, मशीनला नाही. त्यामुळे भोकातला कटर निपचित पडला आणि पडद्यावरचा डौलात फिरत राहिला. त्यानं उरलेले पाच फेरे मारले, वर आला आणि 'काम पूर्ण' असं जाहीर केलं.

"झालं पाय!" काकाजी खूश.

झालं काहीच नव्हतं. मोटरांना आपण कुठं उभं आहोत ते आता आठवत नाही. शून्य, म्हणजे मोजणी सुरू करायची जागा, पुन्हा शोधावं लागतं. तेही नेमकं, कारण उंची एक मिलिमीटर चुकली तर नवे आटे जुन्या दोन आट्यांच्या मधोमध पडणार. मग आटे दुप्पट, कामाचा एकही नाही. कटर हातानं भोकाच्या मध्यावर आणून वर काढला. लाइन आल्यावर डायल गेज फिरवून केंद्र धरलं. उंचीसाठी कटरखाली पातळ कागद सरकवायचा असतो, तो अडला की थांबायचं. सुरुवातीला वापरलेला कागद वाऱ्यानं कुठं गेला कोण जाणे. मी शोधत होतो तेव्हा काकाजी त्यावर तंबाखू मळत होते.

शेवटी आटे उतरले. सोळाचा बोल्ट बोटानं सरसर आत गेला. काकाजींनी तो तीनदा काढला, तीनदा घातला, बघ्यांनाही घालून पाहायला लावला. पैसे विचारले, मी सांगितले ते ऐकून तेवढ्यात दोन टॅप आले असते म्हणाले, निम्मे दिले आणि पोतं उचलून निघाले.

संध्याकाळी परत दारात. हातात वडिलांच्याच काळातला इंची पाना.

"बापू, हा पाना त् बसून नाही राह्यला बोल्टाच्या डोक्यावर."

"त्याला चोवीसचा पाना लागतो, काकाजी."

त्यांनी पाना उलटापालटा करून पाहिला, मग मशीनकडे पाहिलं.

"मंग काढ ना एक. कम्प्युटर चालूच हाय तं."