पावणेदोनशे घोडे आणि दादरचा सिग्नल

कंपनीने माझ्या गाडीत एकशे दहा घोडे जुंपून दिले होते आणि ते मला परळहून बीकेसीला बिनतक्रार नेत होते. तरीही दीड वर्षापूर्वी मला ते सुस्तावल्यासारखे वाटू लागले. ज्या माणसाला तीन मजले चढताना धाप लागते, त्याला गाडीची ताकद कमी वाटावी, हे पत्नीचे निरीक्षण मी मनावर घेतले नाही.

गॅरेजवाल्याने आधी ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, रीमॅपिंग केले; त्याला नव्या सूचना पढवल्या. खरे तर तिथेच थांबायला हवे होते, कारण टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब बेताने वाढला होता आणि गाडी पूर्वीपेक्षा शहाण्यासारखी चालत होती. पण “साहेब, एवढ्यावरच थांबणार?” या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही. मग मोठा टर्बो आला, ती कोंबलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर आला, आणि वाढलेली ताकद पेलायला सिरॅमिक क्लच आला. घोडे पावणेदोनशे झाले.

मोठ्या टर्बोचे चाक जड असते. ते फिरायला एक्झॉस्टचा भरपूर झोत लागतो, त्यामुळे साडेतीन हजार आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या, खाली माझा टर्बो गाढ झोपलेला असे. आणि सकाळी साडेनऊला दादर टीटीकडे सरकणाऱ्या रांगेत इंजिन दीड हजाराच्या वर जाईल तर शपथ. शिवाय इंटरकूलर वाऱ्यावर जगतो. उभ्या गाडीला वारा कुठला? आत जाणारी हवा तापली की नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, टाळण्यासाठी ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो, म्हणजे मी कर्ज काढून घेतलेली ताकद तो सिग्नलवर गुपचूप काढून घेतो.

क्लचचे दुःख मात्र वेगळेच. मुंबईत गाडी चालते ती अर्ध्या क्लचवर, आणि सिरॅमिक क्लचला ‘अर्धा’ हा प्रकारच मान्य नाही. तो एक तर सोडतो, नाही तर कचकन धरतो. माझी डावी पोटरी पैलवानाची झाली, उजवी कारकुनाचीच राहिली. गणपतीच्या दिवसांत मामाकडे निघालो असता आई मांडीवर मोदकांचा डबा धरून मागे बसली होती. पाचव्या हिसक्याला डब्याचे झाकण उडाले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “अरे, हिला उचकी लागलीय. पाणी घालून बघ.”

पाण्याचाही अनुभव आलाच. थंड हवा मिळावी म्हणून इनटेकचे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचे, तोंड बंपरपाशी खाली आणले होते. हिंदमाताला गुडघाभर पाणी साचले आणि मी दोन तास पुलावर उभा राहिलो, कारण सिलिंडरमध्ये पाणी शिरले की ते हवेसारखे दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. खालून एक खटारा काळी-पिवळी लाटा उडवत निघून गेली.

सुख एवढेच, की रविवारी पहाटे वांद्रे-वरळी सागरी सेतूवर तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो शीळ घालत जागा होई. तोवर काटा सत्तरवर आलेला असे आणि तिथली मर्यादा ऐंशीची आहे.

मागच्या महिन्यात मी जुना टर्बो आणि साधा क्लच परत बसवून घेतला. काढलेला टर्बो घरी आणला, तेव्हा आईने त्याचे गोगलगाईसारखे वेटोळे पदराने पुसले आणि विचारले, “हा शंख देव्हाऱ्यात ठेवू की भंगारवाल्याला देऊ?”