१० सेकंद की १८? गुहागरच्या फोटोवरून दिलेलं उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार रास्त शब्दांत आहे: क्रॉप बॉडीवर (म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १८ एमएम लेन्स असेल तर ५००च्या नियमाने (५०० भागिले लेन्सची फोकल लांबी, क्रॉपचा दीडपट गुणक धरून) तारे न ओघळता १८ सेकंद शटर उघडं ठेवता येतं, मग मी ताऱ्यांच्या फोटोंवरच्या लेखात १० सेकंद सांगून नवशिक्यांचे फोटो काळे आणि रवाळ का करतोय?

सोबत दिलेला तुमचा गुहागरचा फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडला. मोबाइलवर तो झकास दिसतो. पण शंभर टक्के झूम करून मृगातल्या बाणाचे तीन तारे बघा. ठिपक्यांचे तांदळाचे दाणे झालेत, जवळजवळ उभे, खाली किंचित उजवीकडे कललेले. हात हलला असता तर सुरूच्या फांद्याही फाटल्या असत्या. त्या काटेकोर आहेत. म्हणजे तारेच सरकलेत.

५००च्या नियमात पिक्सेलचा हिशेबच नाही. तुमच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरचा पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, १८ एमएमला तो आकाशातल्या ४५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) व्यापतो. खगोलीय विषुववृत्तावरचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळावरचा) तारा सेकंदाला १५ विकला चालतो. १८ सेकंदांत सहा पिक्सेल, १० सेकंदांत साडेतीनच्या आत. फ्रेडरिक मिशो यांचं एनपीएफ सूत्र अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं, ते एफ आकड्यात) आणि पिक्सेल दोन्ही धरतं, एफ ३.५ला ते १३ सेकंद देतं. मोठी प्रिंट काढायची म्हणून मी त्याहून तीन कमी धरतो.

आपल्याकडे गोम अशी, की समुद्र पश्चिमेला. लाटा चौकटीत हव्यात म्हणून आपण कॅमेरा नेमका तिकडे लावतो, आणि एप्रिलच्या रात्री तिथेच मृग मावळत असतो. बाणाचा उत्तरेकडचा, म्हणजे उजवा तारा तर खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटूनच आहे. याहून भरभर सरकणारा तारा आकाशात नाही.

एका बाबतीत तुम्ही बरोबर आहात. मी १० सेकंद सरसकट सांगितले, ती माझी चूक. उत्तरेला सप्तर्षींतला क्रतू खगोलीय ध्रुवाच्या जवळ, त्याचा वेग निम्म्याहून कमी, तिथे १८ सेकंद खुशाल ठेवा. लेखात आजच दुरुस्ती करतो.

रवाळपणाचं म्हणाल तर, १८ वरून १० वर येताना प्रकाश एका स्टॉपपेक्षाही (म्हणजे निम्म्यापेक्षाही) कमी घटतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढवा, दहा-दहा सेकंदांचे सोळा फोटो ओळीने घ्या आणि सिक्वेटरमध्ये एकत्र करा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. नॉइज, म्हणजे तो रवाळपणा, चौथाईवर येतो, तारे टोकदार राहतात. फक्त मधेमधे टॉर्च लावून लेन्स तपासा, खाऱ्या वाऱ्यात काचेवर ओल धरते आणि कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ती कळत नाही.