"फुटलेला दिसत नाही तोवर पाईप बदलू नका" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की जुन्या गाड्यांबद्दलचे सल्ले फिरायला लागतात, त्यातला एक सध्या नागपुरातल्या प्रत्येक ग्रुपवर येऊन राहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंजिनचे व्हॅक्यूम पाईप (इंजिनची हवेची ओढ वेगवेगळ्या भागांना पोचवणारे रबरी पाईप) बदलणं हा गॅरेजवाल्यांचा धंदा आहे, पाईप फुटलेला दिसत नाही तोवर हात लावू नका, लीक असला तर सलाईनची नळी टाका नाहीतर बोल्ट ठोकून बंद करा, आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन फिरायचा वेग) वाढवा, ब्रेकचा याच्याशी संबंध नाही, आणि डिझेल गाडीत तर व्हॅक्यूम नसतोच.

ब्रेकवाली ओळ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, आणि सुरुवात तिथूनच करतो.

"ब्रेकचा संबंध नाही" हे साफ चुकीचं आहे. मारुती 800 पासून झेनपर्यंत, पॉवर ब्रेकवाल्या जुन्या पेट्रोल गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डपासून (इंजिनात हवा नेणारा भाग) ब्रेक बूस्टरपर्यंत एक जाड पाईप जातो, त्यात हवा एकाच बाजूला जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो. इंजिन जो व्हॅक्यूम ओढते त्याच्याच जोरावर बूस्टर तुमच्या पायाला मदत करतो. हा पाईप चिरला की ब्रेक लागतात, पण पेडल दगड होते, नेहमीच्या जोरात गाडी थांबत नाही. आता रामटेकच्या गडावरून खाली येताना, गाडीत पाच जण बसलेले असताना, हे कळलं तर काय करणार? तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल, मग पाय तसाच दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळून राहिला. नाही गेलं तर आधी तो पाईप आणि व्हॉल्व्ह बघा, बाकी कामं नंतर.

"फुटलेला दिसत नाही म्हणजे चांगला." व्हॅक्यूम पाईपमधून काही टपकत नाही, तो बाहेरची हवा आत ओढतो, म्हणून जमिनीवर डाग शोधून काही मिळणार नाही. पाईप मरतो तो टोकाला, जिथे निप्पलवर, म्हणजे पाईप बसवायच्या छोट्या तोंडावर, चढलेला असतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, सिग्नलवर उभी गाडी, बोनेटखालची गरमी, अशी वर्षं काढली की ते टोक बांगडीसारखं टणक होते, मधला भाग मात्र काळा चकचकीत, एकदम नवा वाटणारा. बोटांनी टोक दाबून पहा, दबत नसेल किंवा वाकवल्यावर बारीक बारीक चिरा उघडत असतील तर तो गेला. चालू इंजिनवर सूं असा आवाज येतो का ऐका, आणि एकेक पाईप नाकपक्कडीने कापडावरून हलकेच चिमटून पहा, चिमटल्याबरोबर आयडलिंग सुधारलं तर लीक त्या पाईपच्या पुढेच कुठेतरी आहे. त्या मेसेजमध्ये लीक शोधायला पेट्रोल शिंपडा असंही लिहिलंय, गरम सायलेन्सरजवळ! कृपा करून असं करू नका.

व्हॅक्यूम गेज, म्हणजे ही ओढ मोजायचा काटा, असेल तर अजून बरं. पुस्तकात आयडलला साधारण 17 ते 21 इंच पारा लिहिलेला असते, पण नागपूर समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या वर आहे, म्हणून इथे इंचभर कमी दिसलं तर घाबरू नका, काटा स्थिर आहे का ते महत्त्वाचं.

"आयडलिंग वाढवा." याने गाडी बंद पडायची थांबेल, बिघाड तिथेच राहील. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत चोरून आलेल्या हवेमुळे मिक्श्चर पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी मिसिंग मारते, पिकअप जातो. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (ओढीवर ठिणगी लवकर पाडणारी व्यवस्था) पाईप गेला तर वर्धा रोडवर एका लयीत चालवतानाही ठिणगीचं टायमिंग हवं तेवढं पुढे सरकत नाही आणि ॲव्हरेज पडते. एसीवाल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत एसी लावल्यावर रेस वाढवायची व्यवस्थाही व्हॅक्यूमवरच चालते, म्हणून मे महिन्यात सिग्नलवर एसी लावला की गाडी बंद, आणि लोक कॉम्प्रेसरवर संशय घेतात. आणि ज्या इंजेक्शन गाड्यांत मॅप सेन्सरला (मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा) पाईप आहे तिथे तो चिरला की उलटंच होते, सेन्सरला वाटते लोड जास्त आहे आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त टाकते. स्क्रू फिरवून यातलं काहूनबा सुधारेल?

बोल्ट ठोकून बंद करणं तर त्याहून वाईट. क्रँककेसची, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातली, वाफ ओढणारा पीसीव्हीचा पाईप बंद केला की आत प्रेशर साचते आणि ऑइल सीलमधून बाहेर यायला लागते, मग खर्च पाईपचा राहत नाही.

सलाईनची नळी गरमीने नरम पडते आणि आतल्या ओढीने चपटी होऊन बसते. सिलिकॉनचा रंगीत पाईप कोरड्या व्हॅक्यूम लाइनला छान आहे, पण पीसीव्ही किंवा पेट्रोलची वाफ जाते तिथे नको, तो फुगतो. तिथे ऑइल सहन करणारा रबरी पाईपच घ्या. आणि बूस्टरचा पाईप त्याच कामाचा, आत जाळी असलेला जाड, त्याला पर्याय शोधू नका.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे, प्रत्येक पाईप कंपनीचाच घ्यायची गरज नाही. बारीक पाईप मीटरवर मिळतो, जुन्याचा मधला, न ताणलेला तुकडा सोबत न्या आणि आतला व्यास जुळवून घ्या, दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका. लावताना आधी फोटो काढा, एक काढा एक लावा, सगळे एकदम काढले तर कोणता कुठला हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही. आणि जुना पाईप ओढून काढू नका! प्लास्टिकचे निप्पल इतक्या वर्षांत ठिसूळ झालेले असतात, कटकन तुटतात, मग दहा-वीस रुपयांच्या तुकड्यापायी अख्खा व्हॉल्व्ह शोधत फिरावं लागते. ब्लेडने टोकाला लांबीच्या दिशेने अलगद चीर द्या, निप्पलला ब्लेड लागू देऊ नका, मग ते साल निघाल्यासारखं सुटते. टोक चिरलं असेल आणि पाईप लांब असेल तरी इंचभर कापून परत लावायचा मोह टाळा, बाकीचा पाईपही तेवढाच जुना आहे.

राहिलं डिझेलचं. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा थ्रॉटलचा व्हॅक्यूम मिळत नाही एवढं खरं, पण म्हणूनच त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप दिलेला असतो, जुन्या सुमोसारख्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला आहे. तिथून बूस्टरला पाईप जातो, आणि नंतरच्या बऱ्याच टर्बो गाड्यांत टर्बो अन ईजीआरलाही (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). म्हणजे डिझेलवाल्यांनीही तीच पेडलची टेस्ट करा, आणि पंपाचा ऑइलचा पाईप ओला दिसला तर तोही त्याच वेळी बदलून घ्या.