अनवाणी पाय, हरिहरेश्वरचा कातळ आणि ओहोटीची वेळ

नमस्कार ताई,

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेवर मी लिहिलं, त्यावरचा तुमचा राग पोचला. तुमचं म्हणणं असं: वडिलांना मधुमेह, देवाची वाट म्हणून ते खडकावरून अनवाणी चालले, दगडाला चिकटलेल्या कालवाच्या शिंपल्याने तळवा कापला आणि ती जखम भरता भरेना. म्हणून अनवाणी चालण्याचं कौतुक करणं म्हणजे श्रद्धेपायी लोकांचे पाय पणाला लावणं, आणि खडकावर चप्पल हवीच. यातली वडिलांची गोष्ट मला पूर्ण पटते. चपलेची पटत नाही.

मधुमेहाचं आधी. तळव्याची जाणीव कमी झालेल्या माणसाला कापलेलं कळतच नाही, आणि पायाचा रक्तपुरवठा मंदावलेला असला तर साधा ओरखडाही चिघळतो. अशा माणसाने समुद्राचा खडक सोडाच, अंगणातही अनवाणी फिरू नये. आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा कालभैरव, हे दर्शन देवळातच होतं, तेवढ्यावर थांबावं. यकृताचा आजार असलेल्यांनीही तसंच. उबदार खाऱ्या पाण्यातले काही जंतू अशा माणसाच्या जखमेतून रक्तात शिरले तर जिवावर बेततं.

आता धडधाकट पायांचं. देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग दोन्हीकडच्या कड्यांमधल्या अरुंद घळीतून खाली उतरायचं, की समोर समुद्र आणि पायाखाली काळा कातळ. वरच्या कोरड्या भागात त्या दगडाचं मधाचं पोळं झालेलं आहे. लाटांचे तुषार दगडात मुरतात, पाणी उडून जातं, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटतो. उरतात खळगे आणि त्यांच्यामधल्या उभ्या, खरखरीत भिंती. इथे रबरी स्लीपर घालून चालणाऱ्यांकडे जरा बघा. तळ ओला झाला की पाऊल चपलेतच फिरतं, अंगठ्याचा पट्टा ताणतो, पुढची कड खळग्यात अडकते आणि माणूस हातावर आपटतो. अनवाणी माणूस असं टाकू शकत नाही पाऊल. आधी चवडा टेकतो, बोटं दोन भिंतींवर पसरतात, टोचलं तर वजन पडायच्या आत पाय उचलला जातो. चाल आपोआप निम्मी होते आणि नजर खाली राहते. त्या जागी मला हीच खरी सुरक्षितता वाटते.

‘शहरी पायांना कुठली सवय,’ असंही तुम्ही म्हणता. सवय हळूहळू लावावी लागते हे खरंच. पण तळवा निबर झाला की जाणीव मरते, हा समज बरोबर नाही. 2019 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात केनियातल्या अनवाणी आणि बूट घालणाऱ्या माणसांचे तळवे तपासले होते. जाड घट्ट्यांनी पायाचं रक्षण केलं, पण स्पर्शाची जाण कमी केली नव्हती. दगडगोट्यांसारख्या उंचवट्यांच्या चटईवर चालून वृद्धांचा तोल सुधारला, रक्तदाब उतरला, असाही एक अमेरिकी अभ्यास 2005 चा आहे. पण ती खोलीतली चटई होती. कातळाच्या बाजूने तो पुरावा मी मांडणार नाही.

तुमच्या वडिलांचा पाय कापला तो बहुधा खालच्या पट्ट्यात. भरतीचं पाणी रोज भिजवतं तिथे कालवं आणि बार्नेकल (टणक, धारदार कवचाचे छोटे जीव) दगडाला घट्ट चिकटलेली असतात. कालवं काढणाऱ्या बायका वरचं शिंपलं उडवून आतलं मांस नेतात, खालचं शिंपलं दगडावरच राहतं आणि त्याची फुटकी कड वर येते. तिथे अनवाणी पाय नकोच. तिथे जायचंच तर जाड तळाचा, बंद, पायात घट्ट बसणारा बूट हवा. त्याहून खाली हिरवं शेवाळ; त्यावर बूटही घसरतो. प्रदक्षिणेसाठी या दोन्ही पट्ट्यांत उतरायचं कारणच नाही.

आणि ताई, तुमच्या पूर्ण प्रतिक्रियेत वेळेचा उल्लेख नाही, याची मला जास्त काळजी वाटली. भरतीच्या वेळी लाटा या वाटेवर येतात. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तिथून सहाएक तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे सकाळी निघालेली मंडळी दर्शन आटोपून खडकावर उतरतात नेमकी तेव्हा! पाणी उतरू लागल्यावर निघायचं आणि ते पुन्हा चढायच्या आत परतायचं. निघण्याआधी देवळापाशी स्थानिकांना विचारायचं. पावसाळ्यात ही वाट धरायचीच नाही. फोटोसाठी कडेला उभ्या राहिलेल्या माणसांना लाटेने ओढून नेल्याच्या बातम्या इथून येत राहतात, आणि त्या लाटेला पायात काय आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

वडिलांसाठी एवढं नक्की करा. जखमेत शिंपल्याचा बारीक तुकडा राहिला तर वरून भरलेली जखमही आतून ठसठसत राहते. अजून दुखत असेल तर डॉक्टरांना ‘समुद्रातल्या खडकावर कापलं’ असं स्पष्ट सांगा आणि एक्स-रे काढायचा का ते विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही बघा. पुढे कधीही अशा जखमेभोवती लाली पसरू लागली, फोड आले किंवा ताप चढला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.