घरबसल्या बीएस्सी नर्सिंग? बाळंतपण काय झूमवर करणार?

काल रात्री साडेदहाला ताईचा फोन, "अरे ५ हजार टाकू का, सीट जातील म्हणतायत." कसली सीट, तर काकूंनी फॅमिली ग्रुपवर ढकललेला तो मेसेज: बारावी कोणत्याही स्ट्रीमने, घरबसल्या एका वर्षात बीएस्सी नर्सिंग, डिग्री सरकारी युनिव्हर्सिटीची, जीएनएम (तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा) बंद झालंय, नर्सिंग काउन्सिलच्या रजिस्ट्रेशनची कटकट नाही. भाची कॉमर्सची, म्हणून ताई भुलली.

आधी ते एक वर्ष. इंडियन नर्सिंग काउन्सिलचा सिलॅबस नेटवर फुकट पडलाय, उघडून बघा. चार वर्षं, आठ सेमिस्टर, परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी आणि डिग्री मिळायच्या आधी प्रॅक्टिकलची १०० टक्के, शेवटी २२ आठवडे इंटर्नशिप, आठवड्याला ४८ तास. हे घरी कुठे करणार, कॅथेटर काय उशीला घालणार? बाळंतपणं स्वतः करून केसबुकात उतरवावी लागतात हो. मी मेसेजमधल्या नंबरवर फोन लावला, वॉर्ड कुठला विचारलं, तर म्हणे "सर, प्रॅक्टिकलचं लेटर आम्ही बनवून देऊ." बनवून! उद्या इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलमध्ये आपल्या आजीला सलाईन लावायला अशी लेटरवाली आली तर चालेल का काकू?

इग्नूचं नाव पुढे केलं त्या फोनवाल्याने. इग्नूचा तो पोस्ट बेसिक, म्हणजे जीएनएमनंतरची बीएस्सी, जीएनएम करून नोकरीत असलेल्या रजिस्टर्ड नर्ससाठी, बारावीवाल्यांसाठी नाहीच.

सरकारी युनिव्हर्सिटी म्हटलं की आपण डोळे मिटतो. अरे, डिग्रीवर नाव युनिव्हर्सिटीचं, पण शिकवणार कॉलेज, आणि आपल्या एमपीत कॉलेजांचं काय झालं विसरलात? हायकोर्टाने नर्सिंग कॉलेजं तपासायला सीबीआय लावली, आणि २०२४ मध्ये लाच घेताना सीबीआयचेच इन्स्पेक्टर पकडले गेले. पोरांच्या परीक्षा वर्षानुवर्षं लटकल्या. कॉलेजला मान्यता आहे का, ते त्या-त्या वर्षाच्या यादीत बघायचं, बोर्डावर नाही.

जीएनएम बंद नाही, चालू आहे. रजिस्ट्रेशनशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, विषय संपला.

"कोणतीही स्ट्रीम" हे मात्र अर्धं खरं, मान्य करतो. बीएस्सीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो आणि त्यात ४५ टक्के लागतातच, पण काउन्सिलच्या नियमात जीएनएमला इंग्रजी आणि ४० टक्क्यांवर कॉमर्सही चालतं. राज्याने वर काय मागितलंय ते फॉर्म भरायच्या आधी बघून घ्यायचं. म्हणजे तीन वर्षं जीएनएम, मग दोन वर्षं पोस्ट बेसिक, की झाली बीएस्सी. ताई म्हणाली, "पाच वर्षं?" हो, पाच. आणि काकू, तो मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन करा, माझा नाही, तुमचा.